विमान लेट नव्हतं

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. आता ऐंशी गाठली, म्हणून लिहून टाकतो.

पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कांबळेसाहेब राहत. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जगातले कुठलेही दोन विमानतळ सांगा, मधलं अंतर आणि लागणारा वेळ त्यांना तोंडपाठ. स्वतः विमानात कधी बसले नव्हते.

"पर्थ ते लंडन?" लिफ्टमध्ये कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"साडेचौदा हजार किलोमीटर. सव्वासतरा तास. तुमचा मजला आला, उतरा."

एकदा खालच्या मजल्यावरचे जावई म्हणाले, लंडनला साधारण दहा तास लागतात. साहेबांनी त्यांना जिन्यातच थांबवलं. "साधारण म्हणजे? लग्नाला निघालात का?"

मी एकदा टोमणा मारला, "अहो, जायचं नाही कुठे, मग हा अभ्यास कशाला?"

"जायचं नाही. यायचंय." त्यांची एकुलती एक लेक सुजाता टोरांटोला. "तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत तीस तास. रांगा आणि एक्स्प्रेसवे धरून. तेवढी मुदत मिळाली पाहिजे, बास."

एका दुपारी दोनला कांबळेवहिनींच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना साहेबांनी सुजाताचा नंबर माझ्या हातात कोंबला. "आत्ता लावा. सकाळचं विमान मिळालं तर उद्या पोचते."

तिकडे पहाटेचे साडेचार. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. एक ते चार मी दारावरची बेलसुद्धा बंद ठेवतो. शिवाय साहेब उगीच घाबरतात, हे मीच ठरवून टाकलं. संध्याकाळी सहाला फोन केला. सकाळचं विमान हुकलं, रात्रीचं मिळालं.

तिला आणायला मुंबईला मीच गेलो. विमान दहा मिनिटं आधीच उतरलं. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मांजरीत पोचलो. वहिनी त्याच पहाटे गेल्या होत्या.

जमलेल्या नातेवाइकांना साहेब सांगत होते, "विमान लेट झालं हो. वाऱ्यापुढे कुणाचं चालतं?"

फोन कधी आला ते सुजाताने त्यांना सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि बॅग उचलून आत गेली.

गेल्या महिन्यात साहेब कायमचे लेकीकडे निघाले. मी वाक्य पाठ करून खाली उतरलो. टॅक्सी उभी होती.

"काही बोलायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ते थांबले. ठरलेली वेळ उलटून सात मिनिटं होईपर्यंत थांबले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तरी हलले नाहीत.

"पासपोर्ट घेतला ना?" मी विचारलं.