पहिल्या गाण्याचा मान

"पहिलं गाणं दाजींच्या मानाचं," शालिग्रामने ठणकावलं. "मग नवरा-नवरी मांडवात आली नाहीत तरी बेहत्तर!"

डीजेवाला चेतन त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. बमरोली-पांडेसऱ्यात त्याने कितीतरी रिसेप्शनं वाजवली होती, पण गाण्यालाही मानपान असतो हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"काका, पहेलुं गीत तो वर-कन्या माटे होय."

"त्यांना जन्म पडलाय गाणी ऐकायला. दाजी उठून गेले तर तू आणणार परत?"

शालिग्राम लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कारागिरांवरचा मास्तर. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. थोरल्या मुलाच्या लग्नात बँडवाल्यांनी पहिलं गाणं मुलाच्या मामाच्या नावाने वाजवलं आणि शालिग्रामच्या बहिणीचे यजमान, धुडकूदाजी, न जेवता मांडवातून उठून गेले. त्यानंतर बहीण कमल माहेरी फिरकली नव्हती. भाऊबीजेला शालिग्राम कपाळ कोरडं घेऊन कामावर जायचा, आणि विचारणाऱ्यावर खेकसायचा. आता मुलीच्या, सोनालीच्या रिसेप्शनला हातापाया पडून दोघांना यायला लावलं होतं. दाजींनी मांडवात पोटभर जेवावं आणि कमलला माहेर परत मिळावं, बाकी त्याला काही नको होतं.

गाणं विचारायला तो स्वतः लिंबायतला त्यांच्या घरी गेला होता. दाजींनी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "लावा काहीपण."

'काहीपण' म्हणणारा पाव्हणा सगळ्यात अवघड, हे खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. शालिग्रामने रात्रभर विचार करून भजन ठरवलं. देवावर कोण रुसणार?

देवावर कोणी रुसलं नाही. बायको, धुरपदाबाई, त्याच्यावर रुसली.

"अन् मना भाऊ? माझ्या भावाला मान नाही? पोरीला मामा नाही की काय?"

तिचा भाऊ आनंदा ओट्यावर चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली. "राहू दे ताई. आम्ही काय, कन्या उचलून आणायपुरते. गाणं ज्याचं त्याला लखलाभ!" पण त्याला ढोलकीचं, नाचाचं गाणं हवं होतं, आणि तेही पहिलंच, हे त्याने चहा संपायच्या आत सांगून टाकलं.

शालिग्राम परत चेतनकडे. "तुझ्याकडे कॅसेट वाजवायची यंत्रं किती?"

"बे छे."

"मग दोन्ही एकदम लाव. डाव्या बॉक्सातून दाजींचं भजन, उजव्या बॉक्सातून मामाची ढोलकी. दोघंही पहिले!"

"काका, पब्लिक भागी जशे!"

"अरे, आमच्या कारखान्यात अख्ख्या लाइनी एकदम खडखडतात. कोणी पळालं का? दोन गाण्यांचं काय घेऊन बसलास!"

रिसेप्शनच्या संध्याकाळी नवसारीहून आलेले नवरदेवाचे काका गळ्यातला रुमाल सारखा करत आले. "वरपक्षाचं पहिलं गाणं कोणतं ठेवलंय, व्याही?"

व्याह्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मांडववाल्याचा भोंगा त्याच्या टेपसकट दारात लटकलेलाच होता. त्यावर नवसारीकरांचा गरबा लावायचं ठरलं.

चेतनने कानात कापूस घातला, देवाचं नाव घेतलं आणि बटणं दाबली.

हे राम! भजनाच्या टाळांवर ढोलकी चढली, ढोलकीवर गरबा चढला. नवसारीकर कान धरून शामियान्याबाहेर गेले. वाढप्याकडे पाणी मागणाऱ्याला जिलेबी मिळत होती. स्टेजवर सोनाली रडकुंडीला आली होती. पण लूमवाली मंडळी मजेत बसली होती. त्यांना कारखान्यात आल्यासारखंच वाटत होतं. तिथल्यासारखीच ती हातवारे करून गप्पा मारायला लागली.

शालिग्राम दाजींसमोर वाकला. "दाजी, चाला जेवाले!" त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. मग त्याने कामावरच्या सवयीने पाची बोटं तोंडाकडे नेली आणि हाताने बोलावलं.

दाजी चटकन उठले. तोंडभर हसले. पंगतीत मांडी घालून बसले आणि पहिलाच घास असा घेतला, की शेजारी कमलने पदर डोळ्याला लावला. शालिग्रामलाही भरून आलं. जिंकलो, त्याला वाटलं.

तेवढ्यात चेतनच्या यंत्रातून धूर निघाला. फ्यूज उडाला, दिवे तेवढे राहिले. सगळीकडे एकदम शांतता पसरली.

"दाजी," शालिग्राम हात जोडून म्हणाला, "मागच्या खेपेला गाण्यावरून रुसलात, म्हणून हा सगळा खटाटोप केला."

दाजींनी त्याच्या ओठांकडे टक लावून बघितलं. "गाण्यावरून? मागच्या खेपेला मला कोणी जेवायला बोलावलंच नाही. सगळे पंगतीला गेले. मी आपला खुर्चीवर एकटा."

"अहो, भोंग्यावरून तीनतीनदा तुमचं नाव पुकारलं होतं!"

दाजींनी इकडे तिकडे बघितलं, त्याला जवळ ओढलं आणि कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले. अख्ख्या मांडवाने ऐकलं.

"मला ऐकू येत नाही रे! लूमनं कान खाल्ले. कोणाला सांगू नको!"

पंगतीतल्या झाडून सगळ्या माना पत्रावळीत गेल्या. कोणी वरणभात कालवत होतं, कोणी लोणचं चाखत होतं. वाढपीसुद्धा भाताच्या परातीत बघत उभा राहिला. कोणी काही ऐकलंच नव्हतं.

शालिग्रामला रडावं की हसावं कळेना. एवढ्यासाठी त्याच्या भाऊबीजा कोरड्या गेल्या होत्या! कमलने त्याच्याकडे बघून मान हलवली. नवऱ्याने कोणाला न सांगायची शपथ घातल्यावर ती बिचारी काय करणार!

"चेतन!" तो ओरडला. "फ्यूज बसव. आता एकच लाव. पोरीला विचार, तिला आवडेल ते लाव!"

दाजींनी त्याचं मनगट धरलं. "काय व्हयनं? परत लावणार?"

शालिग्रामने मान हलवली.

"मग पहिलं माझं लाव. आनंदाच्या आधी."

शालिग्रामने स्वतःच्या कानाला हात लावून हलवून दाखवला. "दाजी, तुम्हाला तर ऐकू येत नाही!"

"मला नाही येत," दाजी जिलेबी मोडत म्हणाले. "आनंदाला येतं ना!"