गायकवाड काकांची निगेटिव्ह

मुलीसाठी, शोभासाठी, स्थळ आलं की गायकवाड काका मुलाचा फोटो उलट टपाली परत पाठवायचे. सोबत चिठ्ठी : "फोटो नको, निगेटिव्ह पाठवावी." प्रिंटवर स्टुडिओवाल्याचा हात फिरलेला असतो, निगेटिव्ह खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन स्थळं एवढ्यावरच मोडली. तिसऱ्या, कल्याणच्या मुलाने मात्र घरच्यांना न सांगता निगेटिव्ह पाठवली. काकांनी ती खिडकीसमोर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पोरगा सरळ आहे." लग्न ठरलं.

बदलापूरला, बेलवलीत, आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. रविवारी त्यांच्या मोरीची डार्करूम व्हायची. फटी काळ्या कापडाने बंद, आत लाल दिवा, औषधांचे तीन ट्रे. कॅमेऱ्यातला रोल धुवायचा आणि निगेटिव्हवरून कागदावर फोटो उतरवायचा, सगळं तिथेच. त्यामुळे शोभा दर रविवारी टॉवेल घेऊन आंघोळीला आमच्याकडे. माझी आई दारावर थापा मारायची, "भावोजी, पोरीला एक दिवस तरी घरच्या मोरीत आंघोळ करू द्या!"

आतून ओरड यायची, "वहिनी, दार उघडू नका, अजून कच्चं आहे!"

'अजून कच्चं आहे' हे त्यांचं पालुपद. मी बी.कॉम. झाले तेव्हाही पेढा तोंडात टाकून हेच म्हणाले. उल्हासनगरात कॅम्प नंबर एकला ते फोटोचा कागद आणायला जायचे. तिथला सिंधी दुकानदार दर वेळी समजवायचा, "साईं, अब सब कलर है. लॅब में डालो, एक घंटे में हाथ में!" काका म्हणायचे, "एका तासात आमचे वाल भिजत पण नाहीत."

माणसांकडेही ते एक डोळा मिटूनच बघत. आई काळी साडी नेसली की म्हणत, "वहिनी, निगेटिव्हमध्ये पांढरी दिसणार हो!"

अख्ख्या बेलवलीचे फोटो त्यांनी काढले, पण त्यांच्या भिंतीवर बायकोचा फोटो नव्हता. काकू गेल्या तेव्हा शोभा तीन वर्षांची होती. काकूंची एकुलती एक निगेटिव्ह काकांच्या शर्टाच्या खिशात, बटर पेपरात असायची. ती कुणाला दाखवत नसत. मला नाक खुपसायची जन्माची खोड, पण तिथवर माझंही नाक कधी पोचलं नाही.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि शोभा माझ्याकडे येऊन रडायला लागली. "हॉलमध्ये आईचा फोटो पाहिजे गं. तीनदा सांगितलं, पप्पा 'कच्चं आहे'च म्हणतात. मला तिचा चेहरा पण आठवत नाही."

मी तडक गेले. काका खिडकीशी बसले होते.

"काका, शोभा रडतेय. द्या ना एक प्रिंट."

काकांनी खिशातून बटर पेपर काढून उलगडला. मग त्यांनी निगेटिव्ह माझ्यासमोर उजेडात धरली. काळा चेहरा, आणि केस पांढरेशुभ्र.

"पिकलेत बघ," ते म्हणाले. "माझे पिकले, तसे तिचे पण. प्रिंट काढली की केस काळे. ती परत सव्वीस वर्षांची होणार, आणि मी एकटाच म्हातारा."

एवढी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

रविवारी मोरीचं दार लागलं. त्या दिवशी आईने थापा मारल्या नाहीत. दुपारी काका ओली प्रिंट घेऊन बाहेर आले. शोभा बघतच राहिली. "पप्पा, आई तर माझ्याच वयाची आहे!"

"हो," काका म्हणाले. "आता तुझी झाली ती."

लग्नानंतर तो फोटो शोभाबरोबर कल्याणला गेला. काकांनी स्वतःसाठी दुसरी प्रिंट काढली नाही; निगेटिव्ह परत खिशात गेली. पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी मी कामावरून परतताना त्यांच्या घराकडे बघायचे, तर खिडकीत दोघं म्हातारी बसलेली असायची.