सुखदेवभाऊंची सुई

आमचे शेजारी सुखदेवभाऊ टोपीत सुई खोचून हिंडतात. लग्न असो, मयत असो, ग्रामसभा असो, बिनदोऱ्याची ती सुई डोक्यावर चमकत असते. भेटताच पहिला हुकूम: "हात दाखवा तं." एका नव्या ग्रामसेवकाला वाटलं, भविष्य सांगतील. त्याने मोठ्या आशेने हात पुढे केला. भाऊंनी तळवा उन्हाकडे फिरवला, निरखला आणि खेदाने परत केला.

"काईच नाई तुमच्या हातात."

बिचारा आठवडाभर उदास होता.

भाऊ शोधतात काटा. करडीचा. आमच्या चामोर्शीकडे धान निघालं की लोक हरभरा, लाखोळी पेरतात. भाऊ पेरतात करडी. कोवळ्या पानांची भाजी घरोघर वाटतात, तेल काढून आणलं की शेजाऱ्यांना बाटल्या पोचतात, उरलेल्या पेंडीची ढेप बैलांना. पण कापणी म्हणजे दिव्य. करडी पहाटे दवात कापायची, तेव्हा काटा नरम असतो. ऊन चढलं की शहाणी माणसं घरी जातात. भाऊंची कापणी तेव्हा रंगात येते. मग बांधावर बसून ते कापणाऱ्या एकेकाचा हात मांडीवर घेतात, सुईने काटा काढतात, वर तेलाचा थेंब सोडतात आणि तेवढ्यात त्याच्या घरची सगळी खबर काढून घेतात. हात सोडवायला जावं तर म्हणतात, "हलू नका, अजून हाय एक." बहुतेक वेळा नसतोच.

यंदा पेरणीआधी कृषी सहायकाने बिनकाट्याच्या करडीचं बियाणं आणलं. कापणाऱ्या बायांनी निरोप धाडला, हेच पेरा, नाहीतर आम्ही येत नाही. भाऊंना पटवायचं काम माझ्यावर आलं.

भाऊ म्हणाले, काटा नसला तर गुरं खातील. मग रानडुकरं आली. मग तेलाला चव नसेल असं निघालं. मी वकिलाच्या ऐटीत एकेक कारण खोडत गेलो.  शेवटी ते टोपीतली सुई काढून बोटांत फिरवू लागले. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झालीत. मूलबाळ नाही. चुलीवर एकट्याचा भात रटरटत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "काटाच नाई रुतला तं माह्या हातात हात कोण देईन?"

मी वकिली आवरली आणि बियाण्याची पिशवी मागे सरकवली.

त्यांनीच ती पुन्हा जवळ ओढली. "पेरतो. बायाइचे हात सोलतेत, मलेबी दिसते." आणि सुई दाराच्या चौकटीत खोचून ठेवली.

ती मी काढली. त्यांच्या हातात दिली आणि माझा हात त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पाहा बरं भाऊ, बोटात काईतरी सलून राह्यलं."

वीस वर्षांत मी शेतात उतरलो नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी तळवा उन्हाकडे फिरवला. बराच वेळ पाहत राहिले.

"हलू नका," ते म्हणाले. "हाय एक."