बाईसाहेबांचे कानावरील मोहरेची हकीकत

श्री. जी देवता बोलणाऱ्याचे जिभेवर अर्धी आणि ऐकणाऱ्याचे कानी अर्धी वसते, तीस प्रथम वंदन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासातली ही गोष्ट. खाडीकाठचे राज्यात कानाचे यंत्रावरून जो वाद उभा राहिला, आणि त्यापायी राज्य बुडता बुडता कैसे राहिले, ते घडले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण वाद अद्याप मिटला नाही आणि हे दोन्ही पक्षांचे लोक वाचणार.

त्या राज्यात धुके बहुत. पहाटे ते खाडीवरून उठे, आणि तटावर चढे, आणि दरबाराच्या खिडक्यांतून आत येऊन मुजऱ्यास आलेल्या मंडळींत मिसळून उभे राही, मग माणूस कोणता आणि धुके कोणते हे कळत नसे. म्हणोन त्या मुलखी डोळ्यांहून कानाचा भरवसा अधिक. नावा शंखाचे आवाजावर काठास लागत आणि शेजारी शेजाऱ्यास खोकल्यावरून ओळखी. यास्तव रिवाज ऐसा पडिला होता की, गादीवर जो बसेल त्याने रयतेची फिर्याद आपल्या कानी ऐकावी, मध्ये दुसऱ्याचे तोंड नसावे, आणि ज्या दिवशी कान जातील त्या दिवशी गादी सोडून ती भाऊबंदांचे हवाली करावी.

त्या समयी गादीवर कमळजाबाईसाहेब होत्या. वय झालेले, परंतु न्याय ऐसा की हरलेला मनुष्यही दरबारातून समाधानाने जेवावयास घरी जाई. पुढे बाईसाहेबांचे कान जाऊ लागले. आधी रातकिडे गेले, मग पैंजण गेले, मग देवघरातील मंत्र गेले, आणि मंत्र गेल्याचे दुःख बाईसाहेबांहून पुरोहितासच अधिक जाहले. कारभारी विसोपंत, ज्यांवर बाईसाहेबांचा पूर्ण विश्वास, त्यांनी ओळखिले की आता गादी जाते. भाऊबंद कैसे होते ते सर्वांस ठाऊक होते, त्यांनी पहिल्या वर्षीच खाडी विकली असती. म्हणोन पंतांनी दर्यापारच्या एका कंपनीकडून कर्णयंत्रांची जोडी आणविली. मोत्याएवढे यंत्र, कानात घातले तर दिसत नसे, आणि गलबला आपोआप गाळून माणसाचे बोलणे तेवढे मधासारखे कानात सोडी. यंत्राचे पोटात जी आज्ञावली, म्हणजे यंत्राने काय करावे याचा लेख, ती मोहरबंद. कंपनीवाचून कोणी वाचू नये, उघडू नये, ऐसा करार.

पंतांच्या कुटुंबाचे नाव गोदूबाई. ह्या ज्योतिष्यांचे घरच्या, गणितात तयार, आणि चौकातील खुल्या शाळेच्या मुख्य. त्या शाळेत रीत ऐसी की, जो जी आज्ञावली लिही, ती चव्हाट्यावर मांडी. कोणीही वाचावी, चूक दिसल्यास सुधारावी, हवी तर घरी न्यावी. गोदूबाईंनीही एक कर्णयंत्र केले होते. ते फणसाच्या आठळीएवढे, आणि त्यातून सुंई सुंई ऐसा नाद सदा येई.

दरबारी दोन्ही यंत्रे मांडिली तेव्हा पंत म्हणाले, “बाईसाहेब, आम्हांस आंबा खावयाचा. कोय कोणत्या झाडाची, हे विचारून भूक भागत नाही.”

गोदूबाई म्हणाल्या, “आंबा खावा, परंतु कोय पुरू नये आणि सालही आपण काढू नये, ऐसा करार असेल, तर तो आंबा आपला नव्हे. चोखावयास भाड्याने आणिला.”

बाईसाहेबांनी दोन्ही कानी लावून पाहिली, आणि कित्येक वर्षांनी पैंजण ऐकू आले तेव्हा त्यांचे डोळे भरले. ते मोत्यांतून ऐकू आले होते, म्हणोन मोती ठेविले.

तेव्हापासून शहरात दोन तट पडिले. काही म्हणत, मोहरबंद ते सुखाचे, रात्रंदिवस कोणी तरी जबाबदार आहे. काही म्हणत, ज्याचे पोट दिसत नाही त्यास घरात घेऊ नये. मग तो वाद कानाच्या यंत्रावरून हातातल्या यंत्रांवर, घड्याळांवर, दिव्यांवर, स्वयंपाकघरातील वाटणाच्या यंत्रांवर गेला, आणि सोयरीक जुळवताना गोत्र विचारण्याआधी यंत्र कोणते ते विचारू लागले. खुल्या पक्षाचे एक गृहस्थ जेवावयास बसले असता यजमानाचे घड्याळ पाहून पानावरून उठिले, आणि मग घरी जाऊन उपाशी निजले. खुद्द पंतांचे घरी एका छपराखाली दोन चुली जाहल्या. उभयता बोलत ते समईस उद्देशून. “समई, आज आमटीत मीठ नाही,” ऐसे पंत म्हणत. “समई, मीठ फडताळात आहे, आणि फडताळास कुलूप नाही,” ऐसे उत्तर येई.

ऐसी काही वर्षे गेली आणि बाईसाहेबांचा न्याय चालला. मग त्या मार्गशीर्षाआधीच्या श्रावणात कंपनीने यंत्रांत नवी आवृत्ती सोडिली. ती आकाशमार्गे आली, कोणी मागितली नव्हती, आणि बाईसाहेब दुपारच्या विसाव्यास होत्या तेव्हा गुपचूप कानात उतरली. जाग आली ती अशी की, जग फार निवांत जाहले आहे. बाईसाहेबांस वाटले, आज धुके दाट आहे.

पलीकडच्या तीरी मिठागरे होती. तेथील लोकांचे बोलणे खालच्या सुरातले, लांबविलेले, ओव्या घोळवाव्या तैसे. त्यांतील बायजा नावाची बाई, मिठागरांचा बांध राखणारी, चार माणसे घेऊन दरबारी आली, हात जोडिले आणि बोलू लागली. नव्या आवृत्तीने तो सूर गलबल्यात धरिला आणि गाळून टाकिला. बाईसाहेबांस दिसले ते ऐसे की, धुक्यात पाच माणसे उभी आहेत, ओठ हलत आहेत, जैसे देवापुढे मनातल्या मनात पुटपुटावे, आणि आवाज काही नाही. त्यांस वाटले, गरीब माणसे, नुसती दर्शनास आली. त्या प्रसन्न हसल्या आणि आज्ञा जाहली, “यांस श्रीफळ आणि लुगडी द्या.”

बायजा लुगडे हातात घेऊन उभी राहिली. तिने मार्गशीर्षीच्या मोठ्या उधाणाआधी बांध भरून मागितला होता.

दरबार चकित जाहला, परंतु बाईसाहेबांचा न्याय म्हणोन कोणी बोलले नाही. मग भाद्रपदात बायजा पुन्हा आली आणि पुन्हा श्रीफळ मिळाले. त्या दिवशी पंत जवळ उभे होते. त्यांनी बायजेचे बोलणे ऐकिले आणि बाईसाहेबांचे हसणे पाहिले, आणि त्यांस कळले की यंत्र या माणसांचे बोलणेच गाळते. परंतु हे बोलावे तर गादी जाते. म्हणोन ते कंपनीच्या वकिलाकडे गेले. वकील मनुष्य सभ्य, त्याने पंतांस आसन दिले, सरबत दिले, आणि सर्व ऐकून म्हणाला, “यंत्रात दोष नाही. पुष्कळ गिऱ्हाइकांस आता अधिक शांत वाटते.”

“आमच्या बाईसाहेबांस आमची माणसे ऐकू येत नाहीत,” पंत म्हणाले.

“ती थोडी माणसे आहेत.”

“ती थोडी आहेत, परंतु आमची आहेत. निदान जुनी आवृत्ती परत द्या.”

“जुनी आता कोठेच नाही, पंत. मोहर फोडाल तर यंत्र कायमचे मुके होईल. नवी जोडी पुढील साली निघेल, तिच्यात कदाचित सोय असेल.”

पंत परत आले. आश्विन गेला, कार्तिक गेला, आणि मार्गशीर्षी पौर्णिमेचे उधाण जवळ आले, मग पंतांस अन्न जाईना. सांज झाली होती, गोदूबाई समईस तेल घालीत होत्या. पंत दारात उभे राहिले आणि कित्येक वर्षांनी समईकडे न पाहता बोलिले, “गोदूबाई, बाईसाहेबांस मिठागरवाले ऐकू येत नाहीत. मी श्रावणापासून पाहातो आहे आणि भाद्रपदापासून जाणतो आहे.”

गोदूबाईंनी तेलाचे भांडे खाली ठेविले. जिंकल्याचा आनंद होईल ऐसे त्यांस इतकी वर्षे वाटत होते, तो जाहला नाही. “इकडून जेवणे झाले का?” इतुकेच विचारिले, आणि पान मांडिले.

दुसरे दिवशी त्या शाळेत गेल्या आणि म्हणाल्या की, आठळीचे यंत्र बाईसाहेबांच्या कानाजोगे करावयाचे आहे, उधाणाआधी. शाळेतील मंडळी हर्षली आणि लगेच भांडू लागली. त्या यंत्राच्या आज्ञावलीच्या तीन शाखा होत्या, प्रत्येक शाखेचे लोक दुसरीस पाखंड म्हणत. एक म्हणाले, आधी नाव बदलावे. दुसरे म्हणाले, सर्व नव्याने लिहावे. तिसरे म्हणाले, “लेख उघडा आहे, बाईसाहेबांनी स्वतः वाचून दुरुस्त करावा.” गोदूबाईंनी विचारिले, “पलीकडे बांध पोकळ जाहला आहे, आज हातात घेतो कोण?” तेव्हा सर्व आपापल्या पायांकडे पाहू लागले. ज्यासाठी संसारात दोन चुली केल्या, ते ऐसे निघाले, हे त्यांच्या मनास फार लागले.

घरी येऊन त्या पंतांस म्हणाल्या, “माझ्याकडे पोट उघडे आहे, परंतु बाईसाहेब हे कानात घटकाभरही ठेवणार नाहीत. मागे दरबारी लाविले तेव्हा त्यांचे डोके दुखले होते.”

पंत म्हणाले, “डोके कशाने दुखते ते मला ठाऊक. त्यांस मोठ्या आवाजाचे दुखत नाही, बारीक आवाजाचे दुखते. आणि उजवा कान डाव्याहून मंद आहे, त्या सांगत नाहीत, पण मान तशी वळवितात.”

मग उभयता एका पाटावर बसले. पंत सांगत आणि गोदूबाई लिहीत. पंत म्हणत, “सुंई सुंई घालवा,” आणि त्या म्हणत, “सगळी घालविली तर मिठागरांचा सूरही जाईल, थोडी राहू द्यावी.” मग पंत खालच्या सुरात बायजेसारखे बोलून दाखवीत, आणि गोदूबाई आठळी कानास लावून डोळे मिटून ऐकत, आणि मध्येच म्हणत, “पुन्हा म्हणावे.” दुसरी चूल त्या दिवसांत पेटलीच नाही, आणि ते कोणाचे ध्यानातही आले नाही.

चतुर्दशीस सकाळी आठळी बाईसाहेबांचे कानी घातली. प्रथम सर्वच आले, कौलांवरून गळणारे दव, आपल्याच बांगड्या, भिंतीआड मुदपाकखान्यातले कुरकुरणे, आणि दरबारात मागे उभा कोणी म्हणत होता की म्हातारी आता श्रीफळे वाटीत बसते. बाईसाहेबांनी कपाळास हात लाविला. पंतांनी सर्व सांगितले.

“पंत, तुम्हांस ठाऊक होते?”

“होते. गादी जाईल याचे भय वाटले.”

“गादी राहिली आणि ऐकणे गेले, तर इतके महिने गादीवर कोण बसले होते?”

बाईसाहेब उठिल्या, नाव मागविली आणि पलीकडे निघाल्या, आणि पंत व गोदूबाई बरोबर बसले. धुके ऐसे की, नाव पाण्यावरून जाते की ढगावरून हे कळेना, आणि वल्ह्याचा आवाज, बगळ्याचे पंख, दूर कोणाचे खोकणे, सर्व बाईसाहेबांस स्वप्नात ऐकल्यासारखे येई. बांधावर बायजा उभी होती. तिने मुजरा केला नाही.

बाईसाहेब म्हणाल्या, “बायजा, तू दोनदा आलीस, मी ऐकले नाही. आता बोल.”

बायजा म्हणाली, “बाईसायब, बांद वरना धड दिसतंय, पन पोटातून पोकल झालाय. भरतीच्या येलेला आतून पानी बोलतंय. कान लावा.”

बाईसाहेब चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि बांधास कान लाविला. आत पाणी बोलत होते, हळू, लहान मुलास थोपटावे तैसे.

मग त्या उठिल्या आणि म्हणाल्या, “रिवाजाप्रमाणे आम्ही गादी सोडावयास हवी. तू फिर्यादी, तू सांग.”

“गादीचं तुमी मागनं बघा,” बायजा म्हणाली. “आदी बांद.”

मग शंख फुंकिले, आणि सारे शहर नावांतून पलीकडे आले. मोहरबंदवाले आणि खुलेवाले एका रांगेत उभे राहिले, मातीच्या पाट्या हातोहात पुढे देत होते, आणि देता देता वाद घालीत होते. पंतांची पगडी चिखलात गेली, ती गोदूबाईंनी धुतली. पौर्णिमेस उधाण आले. बांध राहिला, परंतु उत्तरेचा कोपरा खचला आणि तेवढी मिठागरे पाण्याने विरघळवून नेली. वर्षाची मेहनत गेली, जीव कोणाचा गेला नाही. बायजा त्या पाण्याकडे बघत उभी राहिली आणि बाईसाहेब तिच्या बाजूस उभ्या राहिल्या.

पुढे बाईसाहेबांनी गादी सोडतो म्हटले असता रयतेने सोडू दिली नाही. पंतांचा कारभार सहा महिने काढून घेतला, तो त्यांनी शाळेत बसून काढिला. बाईसाहेबांनी हुकूम केला की, ज्यास जे यंत्र रुचेल ते त्याने घ्यावे, मोती घ्यावे की आठळी, त्याची निंदा नाही. परंतु गादीवर बसणाऱ्याच्या कानातला लेख चव्हाट्यावर राहील, आणि तो सांभाळणाऱ्याचे नाव त्याखाली राहील. शाळेतील तिन्ही शाखा नाव कोणाचे यावरून आणखी भांडल्या, शेवटी गोदूबाईंनी आपले घातले. वकील सभ्यपणे निरोप घेऊन गेला, आणि शहरातील पुष्कळ लोक अजून त्याचेच मोती घालतात, कारण ते खरोखर सुरेख आहेत.

एकूण तात्पर्य इतुके की, राज्य राहिले, कोपरा गेला, वाद चालू आहे. बाईसाहेब हल्ली तिन्हीसांजेस खाडीवर बसतात आणि आठळी काढून मांडीवर ठेवितात. एकदा गोदूबाईंनी कानाशी वाकून मोठ्याने विचारिले, “बाईसाहेब, यंत्रात काही बिघडले का? पुन्हा सारे बंदच झाले असेल.”

बाईसाहेब म्हणाल्या, “झाले आहे. पण आज ते मी केले.” आणि धुक्याकडे बघत राहिल्या.