गोठ्यातला पंक्तिप्रपंच

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनीला चार दिवस उरले होते आणि बहादरपूरच्या वैजयंतीच्या बाराही बकऱ्यांच्या लेंड्या तपासणीला गेल्या होत्या.

जंत आता कोडगे झाले होते. नुसत्या औषधाला दाद देईनात. म्हणून अकरावीतल्या वैजयंतीनं बेत आखला. गळ्यात लाल धागा बांधलेल्या सहा बकऱ्यांना फक्त औषध, पिवळ्या धाग्याच्या सहांना औषध आणि वर रोज कडुलिंब, लसूण, पपईच्या बियांचा काढा. काढ्याची वेळ नेमकी शाळेची, तेव्हा ते काम मालूबाई आजीकडे. ‘यंदा जिल्ह्याला मीच जाणार,’ असं वर्गात छाती ठोकून सांगूनही झालं होतं.

जनावरांचे डॉक्टर निरंजन सर, त्यांचा फोन आला. "वैजयंती, पिवळ्यावाल्या साऱ्या साफ!"

"बोलले होते ना सर!"

"लालवाल्याही पाच साफ. मग तुझ्या काढ्यानं वेगळं काय केलं? एकटी भुरी बकरी तेवढी जंतांनी भरलेली."

वैजयंती तडक अंगणात गेली. आजी लसूण सोलत होती.

"आजी, लालवाल्यांना तू काढा पाजला?"

"मग! सहा जणी पितात, सहा जणी टुकूटुकू पाहतात. आपल्या घरी असा पंक्तिप्रपंच नाही चालत, बाई."

"अगं, तोच तर प्रयोग होता!"

"असंल. माह्या डोळ्यासमोर नको."

"मग भुरीनंच काय घोडं मारलं?"

आजीनं सुपलीच आपटली. "नाव नको काढू तिचं! भाचीच्या लग्नाचं लुगडं खाल्लं तिनं, पदरापासून. बोलत नाही मी तिच्याशी."

वैजयंतीनं आनंदानं उडीच मारली. "आजी, तू ग्रेट आहेस! काढा नाही मिळाला, म्हणून तिच्याच पोटात जंतच जंत!"

आजीनं मान वळवून गोठ्याकडे पाहिलं.

वैजयंतीनं तिथूनच फोन फिरवला. सर हसले. "एकच बकरी? पुरावा लंगडाच आहे. पण चल, प्रदर्शनीत तिच्या ताज्या लेंड्या दाखवू. चार दिवस तिला जप. काढ्याचा थेंब नको, बिलकुल!"

"फिकर नॉट, सर!"

फोन ठेवून ती वळली, तर सुपलीजवळ आजी नव्हती. ती गोठ्याकडून येत होती, हातात रिकामं पातेलं. मागे भुरी, जिभल्या चाटत.

"आजी!"

"बोलले नाही हं मी तिच्याशी," आजी म्हणाली. "नुसता पाजला."