आठ प्रश्नांचे मासे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या घरी जे मासे शिजले, तेवढे सोवळे मासे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आजवर शिजले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगतो!

माझ्या मुलीची, पुष्पांजलीची सोयरीक पक्की करायला मुलाचे वडील रंगराव जेवायला येणार होते. निवृत्त कामगार अधिकारी! सगळा श्रावण वरण-भातावर काढलेल्या या माणसाला करीला मासेच हवे होते. आणि मी नुकतंच मोबाईलवर वाचलं होतं, की समुद्रात काही बोटींवर मजुरांना डांबून ठेवतात, सुट्टी देत नाहीत, कागदपत्रं काढून घेतात. माझं काळीज तुटलं. शिवाय रंगरावांवर छाप पाडायची नामी संधीही होती.

मलकापुरात हरिओमच्या दुकानात बर्फातले झिंगे मिळतात. मी त्याला खडसावलं, "हे पकडणाऱ्या मजुरायले सुट्टी भेटते का?"

"भाऊ, मी झिंगे इकतो. त्यायची सोयरीक जुळवत नाही!"

समुद्राचा नाद सोडला. धरणाचेच मासे आणायचे, पण चौकशी करून! घरी येऊन मी एक तक्ता छापला. वर 'मजुराची माहिती', मध्ये आठ प्रश्न, खाली नावाची आणि अंगठ्याची जागा. एक प्रत जास्तीची काढली. करीच्या सकाळी आमचा सालगडी कडूबा याच्या हातात तक्ता दिला.

"मालक, आज सुट्टी देतो म्हनले होते तुमी," तो म्हणाला. "लेकीकडे जाच होतं. संजीवनी वाट पाहून राह्यली."

"अबे, जगात मानसं गुलामीत सडून राह्यले अन् तुले लेकीची पडली? धरणावर जा. कोळीण भिमाबाईकडून मासे आन, अन् हे सगळं भरून आन. कोरा कागद घेऊन आला तर याद राख!"

दुपारपर्यंत कडूबा दोन दणदणीत रोहू आणि भरलेला तक्ता घेऊन हजर! माझ्या बायकोनं, कोकिळानं, मासे साफ केले, मसाला वाटला, भाकरी थापल्या. मी रंगरावांना आग्रह करकरून वाढलं आणि तक्ता न वाचताच त्यांच्या हाती ठेवला.

"आमच्याकडे चौकशी केल्याबिगर घास नाही खात!"

रंगराव खूश. मोठ्यानं वाचू लागले. "सुट्टी मिळते का? उत्तर, नाही. आजची देतो म्हनले होते, तेही गेली."

"नराधम!" मी ओरडलो.

"कागदपत्रं कोणाकडे? आधार कार्ड अन् पासबुक मालकाच्या लोखंडी कपाटात."

"अशा मालकाले चाबकानं फोडलं पायजे!" असं म्हणता म्हणता मी हातातला घास परत ताटात ठेवला. कपाट ओळखीचं वाटत होतं.

"मजुराचं नाव, कडूबा."

रंगरावांनी दाराकडे पाहिलं. दारात कडूबा उभा होता.

"काय करू साहेब?" तो म्हणाला. "भिमाबाई अन् तिचा नवरा सोताच मासे धरते. मजूरच नाही तिच्याकडे! अन् मालक म्हने, कोरा आनू नको. मंग तिची सून पूनम म्हने, मजूर तर तुमीच हाय, तुमचंच लिहू."

"ते... सांभाळून ठेवले होते जी," मी पुटपुटलो. "उंदीर कुरतडतात ना!"

"कपाट उघडा," रंगराव म्हणाले.

मी उघडलं. रंगरावांनी कागद कडूबाच्या हातात दिले आणि लेकीकडे सोडायला त्याला आपल्याच गाडीत बसवलं. माझा जीव पुष्पांजलीच्या सोयरिकीत अडकला होता. मी गाडीच्या खिडकीशी जाऊन हात जोडले.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "सोयरीक पक्की. फक्त तिचे कागद आमच्या कपाटात नाही ठेवणार. तिच्यापाशीच राहतील."

हुश्श! सुटलो, असं म्हणत मी घरात वळलो, तर पहाटेपासून चुलीपुढे असलेली कोकिळा पदराला हात पुसत उभी!

"काहो, त्या फारमाचा एक कागद जास्तीचा काढला होता नं तुमी? द्या मले. अन् पेनही द्या."

पेन शोधतो म्हणून मी जो गोठ्यात आलो, तो अजून इथंच आहे. कडूबा नाही, तेव्हा शेणही मलाच काढायचं आहे. बैल सकाळपासून बसून आहेत. त्यांना आज सुट्टी!