आप्पांच्या खिडकीतली वकिलात

अमेरिकेचा व्हिसा मला मुंबईत एकदा नाकारला गेला. त्याआधी देवळाली प्रवरात तो नऊ वेळा नाकारला गेला होता.

देवळाली प्रवरात वकिलात नाही, हे मलाही माहीत आहे. पण आमच्या शेजारी रंगनाथआप्पा राहतात आणि त्यांच्या पडवीला रस्त्याच्या बाजूने गजांची खिडकी आहे. आप्पांनी सगळी नोकरी तहसील कचेरीत कारकून म्हणून केली, त्यातली निम्मी तरी खिडकीच्या आत बसून. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांना करमेना. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते नुसते ओट्यावर बसायचे. मग गल्लीतला एक पोरगा इंजिनिअर होऊन पुढच्या शिक्षणाला परदेशी निघाला आणि मुलाखतीच्या धास्तीने त्याचं जेवण तुटलं. आप्पा त्याला म्हणाले, "घाबरतू कशाला? खिडकीपाशी ये. मी सायब व्हतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी चार ते सहा ही वकिलात चालू झाली. राहुरीपासून श्रीरामपूरपर्यंतची पोरं यायची. कोणी जर्मनीला निघालेला, कोणी आयर्लंडला, एक डिप्लोमावाला जपानला कामाला. देश कोणताही असो, साहेब आप्पाच. आपण बाहेर उन्हात उभं राहायचं. ते आत स्टुलावर, पुढ्यात रजिस्टर. दहाच मिनिटांपूर्वी त्यांच्याच स्वयंपाकघरात काकूंच्या हातचा चहा प्यालेला असलो, तरी खिडकीशी गेल्यावर ते चष्म्यावरून अनोळखी नजरेने बघायचे आणि विचारायचे, "अर्जदाराचं नाव?"

"आप्पा, मी अक्षय."

"आप्पा कोन? हितं कुनी आप्पा न्हाई. पूर्न नाव सांगा."

ते कधी कुणाला नापास करत नसत. कचेरीत तो शब्दच नव्हता. ते म्हणायचे, "प्रकरन त्रुटीत गेलं." मग चिठ्ठीवर त्रुटी लिहून ती गजांतून बाहेर द्यायचे. आवाज बारीक, ही त्रुटी. शर्टाचं बटण उघडं, ही त्रुटी. एका पोराला त्यांनी विचारलं, "म्युनिक कोनच्या तालुक्यात येतं?" त्याला सांगता आलं नाही, म्हणून त्याला परत पाठवलं. तो पोरगा आता म्युनिकमध्येच राहतो आणि त्याला अजूनही तालुका माहीत नाही.

आता माझ्याबद्दल. संगमनेरच्या एका कॉलेजातून मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो, म्हणजे पाच वर्षांनी कॉलेजलाच माझा कंटाळा आला. उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं यंत्र हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. त्या यंत्राने पाचट कधीच कापलं नाही, आमच्या सरांची बाही मात्र एकदा कापली. अशा माणसाला इथे नोकरी मिळत नव्हती, तेव्हा त्याने बाहेर जावं असं सगळ्यांचं मत पडलं. संगमनेरातल्या परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एका एजंटाने अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मला दोन पानी इंग्रजी निवेदन लिहून दिलं. त्यातला मी इतका हुशार होता की ते वाचून मला त्याच्याशी ओळख करून घ्यावीशी वाटली.

आप्पांनी ते डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीत.

"अर्जदाराला लहानपनापासून यंत्राची आवड हाय, आसं लिवलंय."

"येस सर."

"अर्जदार सातवीला आसताना सायकलची चेन पडली की रडत कुनाकडं यायचा?"

"तुमच्याकडे."

"चेन कोन बसवायचं?"

"तुम्ही."

"मंग यंत्राची आवड कुनाला? मला. त्रुटी."

मागे रांगेत दोन पोरं होती. ती गालात हसली. बाकीच्यांची प्रकरणं दोन-तीन फेऱ्यांत मंजूर व्हायची. मी मात्र चौथ्या, पाचव्या, सहाव्या वेळेला तिथेच. काकू गजांतून चहाचा कप बाहेर देत म्हणायच्या, "आवो, लेकरू करपलं उन्हात. द्या की सोडून." आप्पा म्हणायचे, "कचेरीच्या कामात बोलू नगं."

सातव्या वेळेला त्यांनी सातबारा मागितला. गावाकडे जमीनजुमला असला की माणूस परत येणार असं तिकडच्या साहेबाला वाटतं, असा त्यांचा अभ्यास होता. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं निघाली आणि पहिलं नाव माझ्या आजीचं, जिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आप्पांनी कपाळावर हात मारला. "मयत बाई जमीन कसती, ह्ये सायबाला कसं पटवायचं?" मग वारसनोंदीचं काम निघालं. सह्यांसाठी तिन्ही चुलते एकत्र आले, विहिरीवरून भांडले, आणि माझ्या व्हिसापायी आमच्या घराची वाटणी होता होता राहिली. पण आप्पांनी नोंद करून घेतली. त्यांना कचेरीत अजून मान होता. नवा उतारा हातात आला तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की अमेरिकेला तेच निघालेत असं वाटावं.

मुंबईची तारीख आली तेव्हा माझ्या मित्रांनी आणखी एक घोळ घातला. व्हिसा मिळायच्या आधीच त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. 'इंजि. अक्षयदादा यांची अमेरिकेस निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. वर मी. कोट फ्लेक्सवाल्याचा, टायही त्याचाच, आणि मान माझ्या खऱ्या मानेपेक्षा जरा लांब. मी वरवर रागावलो, पण दूध आणायला म्हणून दोन वेळा त्या चौकातून गेलो. आप्पांनी शेवटच्या चिठ्ठीवर 'तूर्त मंजूर' असं लिहिलं आणि ते आत निघून गेले. एस.टी.पर्यंत काकू एकट्याच आल्या.

मुंबईला खरोखरच खिडकी होती. गजांच्या जागी काच, एवढाच फरक. आत एक तरुण बाई होत्या. मी फाईल पुढे केली. नवा सातबारा, आजीची वारसनोंद, सगळं टॅग लावून. त्यांनी फाईलला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी एकच विचारलं, शिक्षण संपल्यावर तुम्ही परत येणार का?

आप्पांनी मला चाळीस प्रश्न विचारले होते. हा एक नव्हता. मी म्हणालो, "येस." मग म्हणालो, "आय मीन, डिपेंड्स." मग बाईंना म्हणालो, "सॉरी सर." त्यांनी एक छापील कागद हातात दिला आणि शुभेच्छाही दिल्या.

मी घरी गेलो नाही. केडगावला मावशीकडे आठ दिवस राहिलो, तिची तब्येत बरी नाही म्हणून. मावशी ठणठणीत होती, रोज मला विचारायची की मला काय होतंय. नवव्या दिवशी घरी आलो तो फ्लेक्सखालूनच यावं लागलं. चौदाही शुभेच्छुक माझ्याकडे बघून हसत होते. घरात पिशवी टाकली आणि तडक आप्पांच्या पडवीत शिरलो. वकिलातीच्या वेळेत पहिल्यांदाच खिडकीच्या आतल्या बाजूला.

"एवढे प्रश्न विचारलेत, हाच कसा नाही विचारला? तुम्हाला माहीत नव्हता?"

आप्पांची नजर पुढ्यातल्या रजिस्टरवर गेली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "दावा की त्याला. लपवून काय व्हनार हाय?" आप्पांनी बोटसुद्धा हलवलं नाही, म्हणून काकूंनीच रजिस्टर उचलून माझ्या हातात दिलं.

प्रत्येक अर्जदाराचं एक पान होतं. मुलाखत देऊन आलेल्या पोरांना विचारून विचारून आप्पांनी खरे प्रश्न जमवले होते. प्रत्येक पानावर शेवटचा प्रश्न त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेला होता: 'शिक्षणानंतर परत येणार काय?' पुढे उत्तर, 'होय.' म्युनिकवाल्याच्या पानावर 'होय'. जपानवाल्याच्या पानावर 'होय'. माझी तर पानं तीन भरली होती. नऊ वेळच्या त्रुटी तारखांसकट होत्या. तो प्रश्न मात्र कुठेच नव्हता.

आप्पांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "बाकीची पोरं येस म्हनली, मी लिवून घेतलं. कागदाचं काम, कागदावर ऱ्हायलं. तू म्हनला आसतास तर मी खरं धरून बसलो आसतो."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. आप्पांना आणि काकूंना मूलबाळ नाही. मी आमच्या घरापेक्षा त्यांच्याच घरी जास्त जेवलेलो आहे, आणि इतकी वर्षं मला वाटायचं की काकूंचं कालवण आईपेक्षा चांगलं असतं, म्हणून. नऊ वेळा परत पाठवलं ते मी मठ्ठ आहे म्हणून, अशीही माझी समजूत होती. त्यातल्या चार-पाच वेळा मी खरंच मठ्ठपणा केला असेल. उरलेल्या वेळांचा हिशोब मला लागला आणि फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"माज्यामुळं तुझं नुसकान झालं," ते म्हणाले.

"तसं नाही, आप्पा."

"तसंच हाय."

चार महिन्यांनी दुसरी तारीख मिळाली. या वेळेला आप्पा एकच प्रश्न घ्यायचा म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी, चार वाजता, मी नेहमीप्रमाणे खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आप्पा आत नव्हते. ते बाहेर ओट्यावर बसले होते. रजिस्टर आणलं नव्हतं. मला त्यांनी शेजारी बसवलं आणि नावही विचारलं नाही.

"अक्षय, शिकून झाल्यावर परत येनार का?"

मी चार महिने घोकलेलं म्हणायला लागलो, "येस, आफ्टर कम्प्लीटिंग माय मास्टर्स, आय इंटेंड टू..."

"मराटीत सांग."

मी तोंड उघडलं. समोरून एक ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तोंड तसंच उघडं ठेवून बसलो. घरापासून कॉलेजपर्यंत कुठेही खोटं बोलायला मी कधी कचरलो नव्हतो. तिथे मला ते जमेना.

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "इंग्रजीतच सांग. तिथल्या सायबाला मराटी कुठं येतंय."

मी इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द चुकला नाही.